पूजेतली लेखणी आणि लिहिती लेखणी



दिवाळीत वहीपूजनाच्या ताटात आपण वही ठेवतो, दौत ठेवतो, लेखणी ठेवतो. कोऱ्या पानावर स्वस्तिक काढतो, ‘श्री’ची उतरंड लिहितो. दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवताचं नवं वर्ष लागतं. ताट उचललं की लेखणी पुन्हा कापडात गुंडाळली जाते आणि वर्षभराचा हिशेब संगणकावर होतो.

या पावसाळ्यात आमच्या टिटवाळ्यातल्या दोघीतिघींनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. घरात सासऱ्यांचं किंवा वडिलांचं जुनं, काळं, जाड शाईचं पेन आहे. टाकवत नाही, वापरता येत नाही. काय करायचं? एकीने ते देवघराच्या खणात ठेवलंय. दुसरी म्हणाली, आम्ही त्याला हळदकुंकू वाहतो, पण टोपण काही उघडत नाही.

माझं उत्तर एवढंच आहे की ते लिहितं करा. हाताने घडवलेल्या लेखणीची निगा म्हणजे तिला पुसून जपून ठेवणं नव्हे, तिला चालती ठेवणं. तुम्हाला हे पटावं म्हणून थोडा मागचा इतिहास सांगते.

बोरू रोज घडवावा लागे

आपल्याकडे शेकडो वर्षं लिहिलं गेलं ते बोरूने. पाणथळ जागी वाढणाऱ्या उंच गवताचा हा पोकळ, टणक दांडा. युरोपात हंसाच्या जातीच्या पक्ष्यांच्या पिसाची लेखणी चाले, आपली लेखणी गवताची होती. आपल्यासारख्यांना याचं समाधान वाटावं.

बोरू घडवणं वाटतं तेवढं सोपं नाही. दांडा पिकलेला हवा, सरळ हवा, भिंत जाड हवी. धारदार चाकूने टोक तिरकं छाटायचं, आतला भुसा खरवडून काढायचा, मग टोकाच्या मधोमध बारीक चीर द्यायची. शेवटी टोकाचा बारीकसा तुकडा एका घावात कापून त्याला हवी तेवढी रुंदी आणि तिरपेपणा द्यायचा. अक्षराची जाडी ठरते ती या शेवटच्या घावावर. मधली चीर महत्त्वाची, कारण शाई तिच्यातूनच खाली उतरते. अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो. समईची वात तेल वर ओढते तोच हा नियम.

पण असा बोरू फार टिकत नसे. लिहून लिहून टोक बोथट झालं की अक्षर फुगायला लागे. मग पुन्हा चाकू, पुन्हा नवं टोक. कलम करण्याच्या त्या चाकूला ‘कलमतराश’ म्हणत आणि तो कलमदानात बोरूशेजारीच असे. म्हणजे लेखणी घडवणं आणि लिहिणं ही दोन वेगळ्या माणसांची कामं नव्हती. लिहिणारा तो घडवणाराही. लिहून झालं की टोक पुसायचं, नाहीतर शाईतला डिंक चिरेत वाळून बसायचा. कापून कापून बोरू आखूड झाला की टाकायचा. लेखणी आठ अंगुळं असावी, त्याहून आखूड असली तर लिहिणाऱ्याला अशुभ, असा जुन्या लेखकांत संकेत होता. शुभाशुभ बाजूला ठेवू, पण आखूड थोटकाने दिवसभर लिहून पाहा म्हणजे बोटं दुखतात ते कळेल. संकेतामागे अनुभव असतो.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर लिहिला आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा ठेवाव्यात इथपासून बोरू, शाई आणि लिहिलेली पोथी जपण्यापर्यंत सगळं त्यात येतं. मोक्षमार्ग सांगणाऱ्या ग्रंथात बोरूची चौकशी कशाला, असं मला आधी वाटलं होतं. पण तेव्हा ग्रंथ हातानेच उतरवावा लागे. बोरू बिघडला की अक्षर बिघडणार, अक्षर बिघडलं की पुढचा चुकीचं वाचणार आणि चुकीचंच उतरवणार. ज्ञानाची वाट त्या चिरेतून जात होती.

शाई आणि दौत

निगा फक्त बोरूची नव्हती. दौतीत सुती किंवा रेशमी चिंधीचा बोळा घालत. त्यामुळे बोरू बुडवला तरी शाई बेताचीच लागे, थेंब गळत नसे आणि टोक दौतीच्या तळावर आपटून मोडत नसे. ही युक्ती कुठल्याही घरातल्या बाईला सुचावी इतकी घरगुती आहे.

आपल्या पोथ्यांची काळी शाई दिव्याच्या काजळीची. जुन्या कृतीत जेवढी काजळी तेवढाच बिजाबोळ आणि त्याच्या दुप्पट बाभळीचा डिंक, आणि हे सगळं पुष्कळ वेळ घोटायचं. शाई जितकी घोटावी तितकी चांगली. पोथीसाठी हिराकस घातलेली शाई वापरू नये असंही जाणकार सांगत. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. तो काही वर्षांनी कागद खातो, आणि मग अक्षरांच्या जागी भोकं पडतात. काजळी मात्र कागदाला काही करत नाही. म्हणूनच पाचशे वर्षांपूर्वीच्या पोथीतलं अक्षर आजही काळंभोर दिसतं.

श्वेतांबर आगमांतल्या राजप्रश्नीय सूत्रात सूर्याभदेवाच्या विमानातल्या पुस्तकरत्नाचं वर्णन आहे. तिथे लिहिण्याचं सगळं साहित्य एकेक करून सांगितलंय. वैडूर्याची दौत, तिचं झाकण, तिला साखळी, शाई, आणि वज्राची लेखणी. देवलोकातल्या दौतीलाही झाकण आहे याची मला मोठी गंमत वाटते. उघड्या दौतीत चिलटं पडतात. झाकण लावलं की शाई सुकत नाही आणि जीवही वाचतो.

श्वेतांबर मैत्रिणी प्रतिक्रमणात अतिचार म्हणतात, त्यात ज्ञानाच्या उपकरणांना पाय लागला, थुंकीने अक्षर पुसलं, अशा चुका मोजलेल्या आहेत. आम्ही दिगंबर ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी करतो, तुम्ही कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी करता. दोन्ही दिवशी ग्रंथ बाहेर काढायचे, झटकायचे, वेष्टनं बदलायची, मग पूजा. आधी झटकणं, मग फुलं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

हस्तलिखितांच्या शेवटी लेखक बहुतेक वेळा एक विनंती लिहून ठेवत. पाठ, कंबर आणि मान मोडून हे लिहिलंय, तेव्हा जपा. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, ढिल्या बांधणीपासून जपा, अडाण्याच्या हाती देऊ नका. मात्र कुलूप लावून ठेवा आणि वाचू नका असं कोणी म्हणत नाही.

दर्शनापुरते उरलेले ग्रंथ

नुसतं पूजेत ठेवलं की काय होतं, याचं आपल्याच इतिहासातलं उदाहरण देते. षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका आपण नावाने तरी सगळ्याच जाणतो. एकोणिसाव्या शतकात तिची जुन्या कन्नड लिपीतली ताडपत्रं फक्त कर्नाटकात मूडबिद्रीला होती. यात्रेकरू जात, रत्नांच्या मूर्तींबरोबर या सिद्धांतग्रंथांचंही दर्शन घेत आणि परत येत. वाचन नाही, नक्कल नाही. आणि ताडपत्रं मात्र जीर्ण होत होती.

१८८० च्या दशकात मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेला गेले, त्यांना ही अवस्था दिसली. त्यांनी सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांना कळवलं, तेही जाऊन आले. नक्कल करून घ्यायचं ठरलं, पैसे जमले, परवानगीसाठी विनवण्या झाल्या. १८९६ च्या सुमारास सुरू झालेलं हे उतरवण्याचं काम १९२२ पर्यंत चाललं. आपल्या घरात मूल जन्मून पदवीधर होऊन नोकरीला लागावं एवढा हा काळ.

ग्रंथ मूडबिद्रीबाहेर जाऊ द्यायचे नाहीत अशी तिथल्या मंडळींची अट होती. नक्कल करणाऱ्या पंडित गजपती शास्त्रींनी मात्र एक कन्नड प्रत गुपचूप केली, आणि त्या कामात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची मदत होती. दिवसा शास्त्रींनी मूळ प्रतीवर बसायचं आणि घरी नवरा-बायकोने दुसरी प्रत करायची, असं मी मनाशी चित्र काढते. शेठजींनी ती प्रत नैतिक अडचण म्हणून घेतली नाही. ती सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांकडे गेली, तिथे नागरीत उतरली आणि मग प्रतींच्या प्रती होत गेल्या. अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी आपल्या वऱ्हाडातल्या अमरावती आणि कारंजा इथल्या प्रती हाताशी घेतल्या, आणि १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड छापून आला. सोळावा आला १९५८ मध्ये.

परवानगीशिवाय नक्कल करणं बरोबर होतं का, यावर आपल्यात आजही दोन मतं होतील. माझंही मन पूर्ण एका बाजूला नाही. अचौर्य हे आपलं व्रत आहे. पण आज स्वाध्यायाला मी जो ग्रंथ उघडते तो लक्ष्मीबाईंसारख्यांच्या बोटांतून आला आहे, हेही खरं. धर्माच्या इतिहासात बायकांची नावं क्वचित येतात, म्हणून हे नाव मुद्दाम सांगितलं. ताडपत्रांची भक्ती कमी नव्हती, पण ती वाचली ती लिहिणाऱ्या हातांमुळे.

टाक, मग एबोनाइट

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबं निघू लागली आणि बोरूच्या जागी टाक आला. चाकू गेला. निब झिजलं की काढायचं, दुसरं लावायचं. लेखणी घडवण्याचं काम लिहिणाऱ्याच्या हातातून तेव्हा सुटलं. मग १८८४ मध्ये अमेरिकेत वॉटरमन यांनी आपल्या फाउंटन पेनचं पेटंट घेतलं आणि दौतही पेनच्या पोटात गेली.

या पेनांची अंगं पुष्कळदा एबोनाइटची असत. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून, तापवून केलेला कडक पदार्थ. त्याची कांडी लेथवर लावून कारागीर तासतो, आतून पोखरतो, टोपणाचे आटे पाडतो आणि शेवटी घासून चकाकी देतो. आटे एकेका पेनाला बसवून पाडलेले असल्याने एकाचं टोपण दुसऱ्याला बरेचदा बसत नाही.

हे हातकाम आपल्याकडे स्वदेशीच्या काळात रुजलं. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी केलेलं पेन वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींना पोचलं. १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून कळवलं की पेन वापरून पाहिलं आणि बाजारातल्या विदेशी पेनांना ते चांगला पर्याय आहे. म्हणजे त्यांनीही ते आधी वापरलं, मग शाबासकी दिली. त्याआधी चार वर्षं, १९३१ मध्ये, मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची पूड बनवायला सुरुवात केली होती. त्यातूनच पुढे आपल्या शाळेच्या दिवसांतली कॅमलची शाई आली. पेन देशी, शाई देशी, अशी ती जोडी जमली.

मग बॉलपेन आलं. रिफिल संपली की फेकायची, पुढे तर पेनच फेकायचं. लेखणीची निगा राखण्याची गरजच संपली.

आमच्या घरचं पेन

माझ्या सासऱ्यांचं कल्याणला कापडाचं दुकान होतं. त्यांचं पेन एबोनाइटचं, लेथवर घडवलेलं, ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायचं. रोजमेळ आणि खतावणी ते त्याच पेनाने लिहीत. मी बी.कॉम. झालेली, म्हणून लग्नानंतर वर्षभरातच त्यांनी खतावणी माझ्याकडे दिली आणि पेनही. “सूनबाई, रविवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी पेन धुवायचं,” एवढंच सांगितलं होतं. ते गेल्यावर आमच्या जाऊबाईंचं म्हणणं पडलं की मामंजींची आठवण आहे, देवघरात ठेवावं. मी म्हटलं, ताई, आठवण तर आहेच, पण त्यांची सवयही आहे, आणि ती देवघरात राहणार नाही. अजूनही आमचं यावर एकमत नाही. पेन मात्र चालू आहे.

घसाऱ्याचा हिशेब आपल्याला शिकवला तो असा की वस्तू वापरली की तिची किंमत दरवर्षी कमी होते. हाताने घडवलेल्या पेनाला हा हिशेब उलटा लागतो. वापरात असलेलं पेन वर्षानुवर्षं टिकतं, आणि शाई भरून ठेवून दिलेलं पेन एका उन्हाळ्यात जाम होतं.

तेव्हा तुमच्या खणातलं पेन बाहेर काढा आणि असं करा.

आधी ओळख पटवा. काळं अंग बोटाने जोरात घासून वास घ्या. गंधकाचा वास आला तर एबोनाइट. रंग हिरवट तपकिरी झाला असेल तर ते ऊन आणि दमटपणाचं काम आहे, पेन खराब झालेलं नाही.

टोपण किंवा पुढचा भाग अडकला असेल तर पकड लावून पिळू नका. निबाकडची बाजू वाटीत साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. बाकीचं अंग पाण्याबाहेरच राहू द्या. वाळलेली शाई सुटली की आटे आपोआप सैल होतात. पाणी गरम कधीही घेऊ नका, एबोनाइटचा रंग जातो आणि आकारही बिघडू शकतो. आपल्याकडे उकळून गार केलेलं, गाळलेलं पाणी असतंच, तेच घ्या. उकळल्याने पाण्यातला काही क्षार खाली बसतो, तो निबाच्या चिरेत साचत नाही.

निब आणि त्याखालची जीभ धुताना पाणी स्वच्छ येईपर्यंत ड्रॉपरने पाणी सोडत राहा. फार घट्ट बसलं असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब चालेल. स्पिरिट नको. निबाच्या चिरेत सुई किंवा ब्लेड घालू नका. बोरूसारखीच सगळी करामत त्या चिरेत आहे, ती रुंदावली तर पेन गळेल. धुतल्यावर मऊ सुती कपड्यावर निब खाली करून सावलीत वाळवा. आमच्याकडे टिटवाळ्याला पावसाळ्यात पापडसुद्धा वाळत नाहीत, म्हणून मी दोन दिवस जास्त ठेवते. पोलादी निब ओलं राहिलं तर गंजतं.

शाई फाउंटन पेनाचीच भरा. चित्रकलेची जलरोधक काळी शाई अजिबात नको. तिच्यात बरेचदा लाख असते, ती जिभेत कायमची घट्ट बसते. शिवाय लाख कीटकांपासून मिळते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आट्यांना सिलिकॉनचं वंगण बोटाच्या टोकाएवढं लावलं की गळती थांबते. व्हॅसलीन लावू नका, ते रबराला बाधतं.

शाई पाव उरली की पुन्हा भरा. पोट रिकामं असलं की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईचा थेंब कागदावर ढकलते. खतावणीवर डाग पडण्याचं कारण बहुधा हेच. पेन ठेवताना निब वर करून उभं ठेवा. पंधरा दिवस लिहायचं नसेल तर शाई काढून, धुऊन, वाळवून मगच ठेवा. आणि रोज निदान चार ओळी लिहा, कारण चालत्या शाईने चीर आपोआप साफ राहते. मी रोज सकाळी स्वाध्यायात वाचलेल्यातलं एखादं वाक्य वहीत उतरवते.

असं पेन लेथवर घडवणारे कारागीर आता थोडेच आहेत. आपण जुनं पेन दुरुस्तीला नेलं, एखादं नवं घेतलं, तर त्यांचं काम चालतं. फुलं वाहिलेल्या पेनाने त्यांच्या हाताला काम मिळत नाही.

पूजा करू नका असं मी मुळीच म्हणत नाही. आमच्याही वहीपूजनाला तेच पेन ताटात असतं. फक्त क्रम श्रुतपंचमीचा ठेवा. आधी धुवा, शाई भरा, ‘श्री’ची उतरंड त्याच पेनाने लिहा, आणि दुसऱ्या दिवशी ते खणात न ठेवता दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारी ठेवा. तुमचं पेन चालू झालं की पहिली ओळ काय लिहिली ते मला जरूर कळवा.